खाणं कमी, तरी पोट का सुटतं?

सकाळी चहा आणि दोन बिस्किटं. दुपारचा डबा उघडायला तीन वाजतात. संध्याकाळी स्टेशनाबाहेर एक वडापाव, आणि रात्री घरी पोचून ताटावर बसेपर्यंत साडेदहा. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या कितीतरी जणांचा दिवस असाच जातो. ‘मी खातो तरी किती?’ असं ते विचारतात तेव्हा खोटं बोलत नसतात. पोटभर जेवण त्यांना दिवसातून एकदाच मिळतं. तरीही पट्टा दर दोन वर्षांनी एक भोक पुढे सरकतो आणि हातपाय मात्र कॉलेजात होते तेवढेच राहतात.

या तक्रारीच्या जोडीला आणखी दोन हमखास असतात. दुपारी चारच्या सुमाराला डोळे मिटायला लागतात आणि रात्री अकराला, अंथरुणावर पडल्यावर, माणूस टक्क जागा असतो. शिवाय संध्याकाळची भूक काकडी-गाजराने भागत नाही. तिला तळलेलं तरी हवं असतं, नाहीतर गोड.

डॉक्टर रिपोर्ट चाळतात आणि म्हणतात, ‘टेन्शन कमी घ्या.’ ऐकणाऱ्याला वाटतं, पोट पुढे आलंय, यात डोक्याचं काय काढलं? पण या तिन्ही तक्रारी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. गुंता सोडवायचा तर कॉर्टिसोल नावाच्या हार्मोनपासून सुरुवात करावी लागते.

## किल्ल्या कारभाऱ्याच्या कमरेला

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक चिमुकली ग्रंथी असते, वजनाने जेमतेम चार-पाच ग्रॅम. पुस्तकात तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात ॲड्रिनल. संकटाची चाहूल लागली की तिच्यातून आधी ॲड्रिनलिन सुटतं. छाती धडधडते, तळहातांना घाम येतो, आणि काही मिनिटांत सगळं ओसरतं. कॉर्टिसोल मागाहून येतं. मेंदू आधी पीयूषिका ग्रंथीला कळवतो, ती रक्तावाटे ॲड्रिनलला कळवते, आणि मग कॉर्टिसोल सुटतं. या द्राविडी प्राणायामामुळे त्याची पातळी चढायला वीसेक मिनिटं लागतात, पण एकदा चढलं की ते तासभर तरी मुक्काम ठोकतं.

त्याचं काम समजून घ्यायला जुन्या वाड्यातली धान्याची व्यवस्था डोळ्यांसमोर आणा. रोजच्या वापराचं धान्य स्वयंपाकघरातल्या डब्यात, महिन्याभराचं कणगीत आणि दुष्काळासाठी राखलेलं जमिनीखालच्या पेवात. शरीरातही असेच तीन साठे आहेत. रक्तातली साखर म्हणजे डबा. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ती फक्त चमचाभर, पाचेक ग्रॅम असते. यकृतातला ग्लायकोजेन म्हणजे कणगी, सुमारे शंभर ग्रॅमची. आणि चरबी म्हणजे पेव, जे सडपातळ माणसाच्या अंगातही कित्येक किलोंचं असतं. आलेलं धान्य जागच्या जागी भरणारा गडी म्हणजे इन्शुलिन. साठे उघडायच्या किल्ल्या मात्र ज्यांच्याकडे असतात, त्यांतला अडचणीच्या काळातला कारभारी म्हणजे कॉर्टिसोल.

संकटात हा कारभारी तीन हुकूम सोडतो. यकृताला सांगतो, साखर बाहेर काढ, नसेल तर नवी बनव. स्नायूंना सांगतो, तुमच्यातली प्रथिनं द्या, त्यांची साखर करू. म्हणजे घराचे वासे काढून चुलीत घालण्याचाच प्रकार. आणि बाकीच्या पेशींना बजावतो की इन्शुलिनने दार ठोठावलं तरी लगेच उघडू नका, साखर आधी मेंदूला जाऊ द्या. मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के, पण खर्च करतो जवळपास २० टक्के ऊर्जा. त्याची चूल विझून चालत नाही.

समोर बिबट्या असेल तर ही व्यवस्था चोख आहे, कारण माणूस पळतो आणि काढलेली साखर जळते. पण गाडी चुकली, हप्ता थकला, साहेबांचा रात्री दहाला मेसेज आला, तर पळायचं कुठे? साखर काढली जाते, वापरली जात नाही. इन्शुलिन ती पुन्हा गोळा करतं आणि बरीचशी पेवात टाकतं. रोज असं होऊ लागलं की वासे पोखरत जातात आणि पेव भरत जातं.

संकट कुठलं आहे याचा शरीर फारसा विचार करत नाही. कॅनडात मॉन्ट्रिअल इथे काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण छापलं. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, दमेपर्यंत पळवा किंवा विषारी द्रव्य टोचा; ॲड्रिनल ग्रंथी दरवेळी सुजलेल्या सापडत होत्या. दुखणी निरनिराळी, शरीराचं उत्तर एकच. ही गोष्ट ध्यानात ठेवा, उपासाच्या वेळी ती पुन्हा लागेल.

## पोटावरच का?

कॉर्टिसोलचा अतिरेक झाला तर काय होतं, याचं ठळक चित्र शंभर वर्षांपूर्वीच नोंदलं गेलं आहे. अमेरिकी शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९१२ मध्ये आणि पुढे १९३२ मध्ये सविस्तर लिहिलेल्या आजारात कॉर्टिसोल बेसुमार वाढतं. चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल होतो, मानेमागे चरबीचा उंचवटा येतो, पोट सुटतं, त्यावर जांभळट रेघा उमटतात, आणि हातपाय मात्र वाळतात. दमा किंवा संधिवातासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांतही हेच चित्र थोड्याफार फरकाने दिसतं, कारण त्या गोळ्या कॉर्टिसोलच्याच कुळातल्या. (अशा गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. त्या चालू असताना शरीराने स्वतःचं उत्पादन थांबवलेलं असतं, आणि अचानक तुटवडा पडला तर जिवावर बेतू शकतं.)

रोजच्या ताणातलं कॉर्टिसोल याच्या पासंगालाही पुरत नाही. पण दिशा तीच असते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणाऱ्या चरबीत कॉर्टिसोलचे संदेश घेणाऱ्या जागा मांडी-दंडाच्या चरबीपेक्षा जास्त असतात. शिवाय चरबीच्या पेशींत एक विकर असतं, जे निष्क्रिय कॉर्टिसोनपासून तिथल्या तिथे कॉर्टिसोल बनवतं. म्हणजे रक्तातली पातळी नॉर्मल आली, तरी पोटाच्या आतला हिशेब वेगळा असू शकतो.

दीर्घकाळचं कॉर्टिसोल मोजायची एक गमतीदार सोय आपल्या डोक्यावरच आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि वाढताना त्या-त्या काळातलं कॉर्टिसोल त्यात अडकतं. टाळूलगत कापलेला दोन सेंटीमीटरचा तुकडा म्हणजे गेल्या दोन महिन्यांचं खातंपुस्तक झालं. इंग्लंडमध्ये ५४ वर्षांवरच्या अडीच हजारांहून अधिक लोकांचे असे केस तपासले गेले. २०१७ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांनुसार केसांत कॉर्टिसोल जास्त असलेल्यांचं वजन आणि कमरेचा घेर जास्त होता. अर्थात, ताणामुळे घेर वाढला की घेरामुळे कॉर्टिसोल वाढलं, हे अशा पाहणीतून ठरत नाही. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालत असणं अगदी शक्य आहे.

## पुण्याचे याज्ञिक, लंडनचे युडकिन

आपल्याकडे यात एक जन्मजात अडचण आहे, आणि ती दाखवून देण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा जोडीने फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचा सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा दोघांना एकच आकडा दाखवत होता, आतला ऐवज मात्र निराळा होता.

याज्ञिकांच्या गटाने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधली नवजात बाळंही तपासली. तिथल्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळाचं ३.५ किलो. आपलं बाळ सगळीकडून लहान, स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली. म्हणजे वासे जन्मतःच बारीक आणि पेव मात्र जागेवर. अशा अंगावर ताण, अपुरी झोप आणि बैठं काम यांची भर पडली की नुकसान लवकर होतं. म्हणून भारतीयांनी वजनकाट्यापेक्षा शिवणकामाच्या टेपवर जास्त विश्वास ठेवावा. कमरेचा घेर पुरुषात ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रीत ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला, तर बीएमआय चांगला असला तरी सावध व्हायला हवं.

## वडापावचं औषध

परीक्षेच्या सकाळी घास गिळवत नाही, मग ताणाने भूक वाढते कशी? दोन्ही खरं आहे. ताणाचा पहिला झटका भूक मारतो. तो ओसरला आणि कॉर्टिसोल मागे रेंगाळलं की भूक उसळून वर येते. काहींच्या बाबतीत पहिला भागच लांबतो आणि ती माणसं ताणात वाळतात. बाकीच्यांचा हात डब्याकडे जातो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ५९ स्त्रियांना एक दिवस मुद्दाम ताणाची कामं दिली आणि नंतर खाण्याचे पदार्थ समोर ठेवले. ज्यांचं कॉर्टिसोल जास्त चढलं होतं, त्यांनी त्या दिवशी जास्त खाल्लं, आणि त्यांचा ओढा गोडाकडे अधिक होता.

गोड आणि तेलकटच का, याचं एक उत्तर मेरी डॉलमन यांच्या उंदरांवरच्या कामातून मिळतं. साखर आणि स्निग्ध पदार्थ खायला मिळाले की उंदरांचा ताणाला मिळणारा प्रतिसाद थंडावतो. संध्याकाळी सातला फलाटाबाहेरच्या गाडीवर उभा असलेला माणूस नकळत हेच करत असतो. कढईतून नुकता निथळलेला वडा, लसणाची सुकी चटणी, मिठाची मिरची आणि बरोबर साखरेचा कटिंग. तीनच्या डब्यानंतर चार तासांनी पोटात काहीतरी जातं, खांदे सैल होतात, घरी जायचं बळ येतं. वडापाव ताणावर लागू पडतो आणि म्हणूनच त्याची सवय लागते. ‘मनावर ताबा नाही’ असं स्वतःला बोल लावत बसण्यात अर्थ नाही. शरीराला एक उतारा सापडलाय आणि ते तो पुन्हा पुन्हा मागतंय.

ताणाच्या दिवशी खाल्लेलं जळतंही कमी. अमेरिकेत ५८ स्त्रियांना सारखंच तेलकट जेवण देऊन पुढचे सात तास त्यांनी किती ऊर्जा खर्च केली, हे मोजलं गेलं. आदल्या दिवशी ताण झालेल्यांनी १०४ कॅलरी कमी जाळल्या. जवळपास एका पोळीएवढ्या.

## घड्याळ उलटं फिरतं तेव्हा

कॉर्टिसोलला नुसतं वाईट म्हणणं अन्याय होईल. सकाळी उठवणारं तेच. पहाटेपासून ते चढू लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं, मग दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं. सकाळची हुशारी आणि रात्रीची गुंगी या चढउतारावर बरीच अवलंबून असते.

रात्री नऊला ऑफिसचा फोन, दहाला जेवण, साडेअकरापर्यंत मोबाइल, असं चाललं की उतार लांबतो. त्यात संध्याकाळी सहाचा कडक चहा. कॅफीनचं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे अकरा वाजता त्या कपातला अर्धा अजून अंगात असतो. झोप लांबते, सकाळ जड जाते. दुपारी थोडी सुस्ती येणं हा शरीराच्या घड्याळाचाच भाग आहे. अपुरी झोप आणि उशिराचं भरगच्च जेवण मिळून तिची चारची ग्लानी होते. मग पुन्हा चहा.

झोपमोड भुकेवरही उतरते. पोटातून निघणारं घ्रेलिन ‘भूक लागली’ म्हणून सांगतं आणि चरबीतून निघणारं लेप्टिन ‘पुरे’ म्हणतं. शिकागो विद्यापीठात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास अंथरुणावर पडू दिलं आणि दहा तासांच्या दोन रात्रींशी तुलना केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे : लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी, घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त, भूक २४ टक्क्यांनी वाढलेली. अवघ्या दोन रात्रींत!

जेवणाच्या वेळेलाही महत्त्व आहे. रात्री मेलाटोनिन वाढू लागलं की इन्शुलिनचा हात आखडतो, म्हणून तोच भात दुपारी एकला जेवढी साखर चढवतो त्यापेक्षा रात्री साडेदहाला जास्त चढवतो. इस्राएलमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९३ जाड स्त्रियांना बारा आठवडे रोज १,४०० कॅलरींचा आहार दिला. एका गटाला त्यातल्या ७०० न्याहारीला आणि २०० रात्री. दुसऱ्याला नेमकं उलट. पहिल्या गटाचं वजन सरासरी ८.७ किलोंनी उतरलं, दुसऱ्याचं ३.६ किलोंनी. बेरीज तीच, वेळ वेगळी.

## एकादशी, दुप्पट खाशी

इतकं सगळं होऊन वजन वाढलं की माणूस पहिली कात्री ताटाला लावतो. आधीच चहावर काढलेला दिवस, आता त्यातला डबाही बंद. इथे सेल्ये यांचे उंदीर आठवावेत. शरीराच्या लेखी उपासमार हेही संकटच, आणि त्याचं उत्तर तेच. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२१ स्त्रियांपैकी काहींना तीन आठवडे रोज १,२०० कॅलरींवर ठेवलं, तर त्यांचं कॉर्टिसोल वाढलं. वजन कमी करायला निघालेल्या माणसाने कारभाऱ्याला आणखी एक निमित्त दिलं.

उपासमार लांबली तर काय होतं, हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा इथे अन्सेल कीज यांनी तपासलं. ३६ धडधाकट तरुण स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहिले. वजन चौथ्या हिश्शाने घटलं, पण शरीराने विसाव्याचा ऊर्जाखर्चही सुमारे ४० टक्क्यांनी कापला. हात गार, अंगात त्राण नाही, आणि डोक्यात चोवीस तास जेवणाचाच विषय. पुन्हा खायला मिळाल्यावर चरबी आधी भरून आली, स्नायू मागे राहिले. आठवडाभर सूप पिऊन पाच किलो उतरवणारे आणि दोन महिन्यांत सहा किलो परत आणणारे याच वाटेने जातात.

‘तुमच्या ॲड्रिनल ग्रंथी थकल्या आहेत’ असं सांगून चूर्णं आणि कॅप्सूल विकणाऱ्यांची मात्र सध्या चलती आहे. २०१६ मध्ये ५८ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा असा काही आजार असल्याचा पुरावा सापडला नाही. ॲड्रिनल खरोखर निकामी होण्याचा ॲडिसन नावाचा आजार आहे, पण तो दुर्मीळ असतो आणि रक्ततपासणीने कळतो.

## कात्री कुठे लावायची?

कात्री लावायचीच तर आधी उशिराला लावावी. दुपारचा डबा एक-दीडला उघडायचा, मीटिंग असली तरी. संध्याकाळी निघण्यापूर्वी मूठभर चणे-शेंगदाणे, उकडलेलं अंडं किंवा मोडाची उसळ पोटात गेली, तर फलाटावरचा वडापाव रोजची गरज न राहता आठवड्यातली चैन होतो. रात्रीचं जेवण जमेल तितकं अलीकडे आणि हलकं घ्यावं. आधी भाजी, कोशिंबीर, वरण आणि मग भात-पोळी, असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे छोट्या प्रयोगांत दिसलं आहे. जेवणावर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली स्नायूंना तीच साखर थेट वापरायला लावते. वासे भक्कम ठेवायचे तर जोर-बैठका, वजन उचलणं असं काहीतरी आठवड्यातून दोन-तीनदा हवं. नुसत्या चालण्याने तेवढं होत नाही.

घरातली बाई सगळ्यांचं झाल्यावर, भांडी आवरता आवरता, उरलंसुरलं अकरा वाजता खाते आणि पहाटे साडेपाचला डब्यांसाठी उठते. तिला ‘गोड कमी कर’ असं सांगण्याआधी तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढलं जावं आणि सकाळचं एखादं काम दुसऱ्या कुणी उचलावं. रात्रपाळीवाल्यांना यातलं बरंच जमणार नाही. त्यांनी झोपेची वेळ तरी पक्की करावी आणि तिच्या आधीच्या पाच-सहा तासांत चहा टाळावा.

थकवा आणि वाढतं वजन यांचं सगळं बिल ताणावर फाडूनही चालणार नाही. थायरॉइड मंदावणं, रक्तातलं लोह कमी होणं, मधुमेह, पीसीओएस, घोरताना श्वास अडकणं यांतही हेच दिसतं. महिना-दोन महिने झोप आणि वेळा सांभाळूनही फरक पडला नाही, तर तपासण्या करून घ्याव्यात. पोटावर रुंद जांभळ्या रेघा, सहज काळंनिळं पडणारी त्वचा, जिना चढताना मांड्यांत बळ नसणं ही लक्षणं दिसली तर वाटही पाहू नये.

दीडची मीटिंग आणि दहाचा मेसेज ठरवणारे बहुधा दुसरेच कुणीतरी असतात. तेव्हा कर्मचाऱ्यांसाठी वर्षातून एकदा आरोग्य शिबिर भरवणाऱ्या कंपन्यांनी जेवणाची सुट्टी मोकळी सोडली, तरी बऱ्याच कमरांचं भलं होईल.

थोडक्यात

- कॉर्टिसोल संकटासाठी साखर काढून देतं. ती वापरली गेली नाही तर तिची चरबी होते, विशेषतः पोटात.
- भारतीयांत बीएमआय फसवा ठरू शकतो. कमरेचा घेर मोजा : पुरुष ९० सेंमी, स्त्रिया ८० सेंमी.
- ताणातली भूक गोड-तेलकट मागते, कारण ते खाल्ल्याने ताण थोडा वेळ उतरतो.
- अपुरी झोप आणि रात्री उशिराचं जेवण भूक, साखर आणि थकवा तिन्ही वाढवतं.
- उपासमार हाही ताणच. आधी झोप, मग जेवणाच्या वेळा, आणि शेवटी ताटातलं प्रमाण, या क्रमाने जा.
- लांबलेला थकवा, जांभळ्या रेघा, स्नायूंचा अशक्तपणा असेल तर डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड परस्पर सुरू किंवा बंद करू नका.